कातीवरचं नावगाव

टॅरँटुला म्हटलं, की डोळ्यांपुढे येतो तो अख्खा तळहात झाकून टाकणारा केसाळ कोळी. दक्षिण अमेरिकेतला थेराफोसा ब्लाँडी पाय पसरून बसला, तर जवळजवळ ३० सेंटीमीटर भरतो. साऱ्या कुळाची कीर्ती त्या एकट्यानेच अडवून ठेवली आहे. पण हजाराहून अधिक जातींच्या या घराण्यात पूर्ण वाढ होऊनही काडेपेटीवर मावतील असे कोळी आहेत. माझा जीव जडला आहे तो या धाकट्या पातीवर.

अॅरिझोनातल्या आमच्या घरी याच पातीतली एक सिरिओकॉस्मस एलेगन्स आहे. व्हेनेझुएला आणि त्रिनिदाद-टोबॅगो हा तिचा मूळ मुलूख. यूजीन सिमोन या फ्रेंच अभ्यासकाने १८८९ मध्ये तिचं वर्णन केलं. माझी मात्र पाळीव आईबापांच्या पोटची, तिने जंगल पाहिलेलंच नाही. पाठीच्या ढालीवर तांब्याची झाक, काळ्या पोटावर फिकट पट्टे आणि मागच्या बाजूला खाजऱ्या केसांचा नारिंगी ठिपका. एवढ्याशा अंगावर एवढा साज!

तिला लागतं फार थोडं. झाकणाला बारीक भोकं पाडलेली डबी, कोकोपीटचा जाड थर, एका बाजूला ओल आणि आडोशाला झाडाच्या सालीचा तुकडा. पिल्लू असताना ती दोन-तीन मिलिमीटरची होती. तेव्हा बिनउडत्या फळमाशा पुरत. आता लहान रातकिडे चालतात. ती बीळ करते, वर जाळं विणते आणि मातीत गुडूप होते. मग मी मातीकडे पाहत राहते. तिला हातावर घेत नाही, कारण जरा उंचावरून पडली तरी तिचं नाजूक पोट फुटू शकतं. तिच्याबाबतीत हात आवरणं हीच माया.

खाणं थांबलं, बिळाचं तोंड बंद झालं, की समजायचं: कात टाकायची वेळ जवळ आली. अशा वेळी डबीतला जिवंत रातकिडा काढून घ्यावा लागतो. नव्या, मऊ अंगाच्या कोळ्याला तोही चावून इजा करू शकतो. पुढे कधीतरी ती जुनं अंग बिळाबाहेर ढकलते. ही कात म्हणजे नुसतं वरचं साल नव्हे. श्वसनाच्या पुस्तक-फुप्फुसांचं अस्तर त्यात असतं, आणि मादी असेल तर नराचं बीज साठवणाऱ्या कोशाचंही.

खरी ओळख तिथे पटते. वाळून कडक झालेली कात साबणाचा थेंब टाकलेल्या पाण्यात भिजवायची, चिमट्याने हलकेच उलगडायची आणि पुढच्या दोन फुप्फुसांच्या मधली जागा भिंगाखाली धरायची. कुणाचा कोश दोन सुट्या फुगीर टोकांचा, कुणाचा एकसंध पट्टीसारखा. सिरिओकॉस्मसचा मात्र पीळ घेत जाणारा. नर शेवटची कात टाकून वयात आला, की त्याच्या तोंडाजवळच्या स्पर्शकांच्या टोकाला आलेले कंद पाहायचे. रंग फसवतो, कातीगणिक बदलतो. ही ठेवण सहसा फसवत नाही. आणि मादीचं हे सारं कळतं ते त्या जिवाला बोटही न लावता, त्याने आपणहून टाकून दिलेल्या वस्त्रावरून.

पण ठेवणही कधीकधी अपुरी पडते. अॅरिझोनात वाळवंटाच्या मधोमध थंड, झाडीने भरलेले डोंगर उभे आहेत. खालची तापलेली जमीन ओलांडणं इवल्या कोळ्याच्या आवाक्याबाहेरचं. त्यामुळे सांता कॅटलिना डोंगरांत अफोनोपेल्मा कॅटलिना, तर चिरिकाहुआत अफोनोपेल्मा चिरिकाहुआ, असे बुटके कोळी वेगवेगळे घडत गेले. २०१६ मध्ये हॅमिल्टन, हेंड्रिक्सन आणि बाँड यांनी अमेरिकेतल्या अफोनोपेल्मा या प्रजातीचा फेरआढावा घेतला, २९ जाती मानल्या आणि त्यांतल्या १४ नव्याने नोंदवल्या. दिसायला सारखे कोळी वेगळे काढताना त्यांनी शरीराच्या मोजमापांना डीएनएची आणि कोळी कुठे राहतो याची जोड दिली. म्हणूनच, सुंदर कोळी कुठून आणला हे न सांगता विकला जातो, तेव्हा मला हळहळ वाटते. गाव हरवलेल्या कोळ्याचं नाव लावणं फार अवघड.

आपल्याकडे भारतातही कोळ्याचं नाव असं गावाशी बांधलेलं सापडतं. मुंबईच्या आरे कॉलनीतून झीशान मिर्झा आणि राजेश सानप यांनी २०१४ मध्ये हेटेरोफ्रिक्टस आरेयेन्सिस ही जात जगापुढे आणली. कोट्यवधी माणसांच्या शहरात, दुधाच्या तबेल्यांशेजारच्या झाडीत, एक टॅरँटुला आपलं बीळ राखून होता. सह्याद्रीच्या पावसाळी उतारांवर याच गोतातले आणखीही आहेत.

त्यांना पाहून कुणाला ते घरी न्यावेसे वाटले, तर मला ती ओढ समजते. मीही तिच्यात पुरती गुंतले आहे. तरीही म्हणेन, पाळायचा तर पाळीव पैदाशीतला पाळावा आणि त्याच्या वंशाची, मूळ मुलखाची नोंद जपावी. रानातला रानातच असू द्यावा. भिंगाने आणि धीराने कोळ्याचं नाव सांगता येतं. त्याचं गाव मात्र आपण राखलं तरच राहतं.