किल्ल्या आमच्याकडे

सहलीला गेल्यावर आपण जुना वाडा नाहीतर राजवाडा बघतो, बागेत सतरंजी पसरून डबे सोडतो आणि घरी येतो. त्या घराची झाडलोट कोण करतं, पावसात ते कुठं गळतं हे कोण बघतं, असा प्रश्न तुम्हाला पडतो का? मला आधी तोच पडतो. कारण तेच आमचं काम आहे!

नामपूरला एका जुन्या वाड्याच्या मागच्या दोन खोल्यांत आम्ही राहतो. मालक पुण्याला. सासऱ्यांच्या वेळेपासून किल्ल्या आमच्याकडे. भाडं द्यायचं नाही, पगार मागायचा नाही, वाडा राखायचा. ह्यांचं दुकान, माझी अर्धवेळ शाळा. उरलेला दिवस वाड्याचा. सागवानी खांबांना जवसाचं तेल पुसायचं, पोथ्यांच्या पेटीत कडुलिंबाचा वाळवलेला पाला घालायचा (डांबराच्या गोळ्यांपेक्षा मला तोच बरा वाटतो), वाळवीसाठी तुळया ठोकून बघायच्या. पुढचं अंगण गावाला मोकळं. संध्याकाळी म्हातारी मंडळी निंबाखाली बसतात, पोरं लपाछपी खेळतात, आणि कुणीही हक्कानं पाणी मागतं. चुलीवर दूध उतू जात असलं तरी उठायचंच.

दिवाळीच्या सुटीत मालकांना हिशेब द्यायला पुण्याला गेलो, तेव्हा मुलीला येरवड्याचा आगाखान पॅलेस दाखवला. दुष्काळात लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून तिसऱ्या आगाखानांनी १८९२ साली बांधलेला. बाग केवढी! ऑगस्ट १९४२ मध्ये गांधीजी, कस्तुरबा, महादेवभाई देसाई यांना इथंच स्थानबद्ध केलं. महादेवभाई तर आठवड्याच्या आतच, १५ ऑगस्टला गेले. आणि बा? पहाऱ्यातल्या त्या परक्या महालात त्यांनी दीड वर्ष संसार केला. कॅरम खेळल्या, म्हातारपणी गांधीजींकडून धडे घेतले. २२ फेब्रुवारी १९४४ ला त्या तिथंच गेल्या. गांधीजींनी कातलेल्या सुताची साडी त्यांना नेसवली होती. पुढे १९६९ साली चौथ्या आगाखानांनी ती वास्तू देशाला दिली. दोघांच्या समाध्या आवारातच आहेत.

तिथं उभं असताना मुलीनं विचारलं, "आई, मग हे घर बांचं का गं?" तिच्या मनात काय होतं ते मला कळलं. 'माझे घर' हा निबंध तिनं वाड्यावर लिहिला, तेव्हा वर्गातल्या मुली म्हणाल्या होत्या, "ते कुठं तुझं? तुम्ही तर राखणदार!" मी म्हटलं, "त्या राहिल्या ना इथं?" तिला ते पटलं नाही. मलाही पुरतं पटलं नव्हतं.

कारण त्याच सकाळी मालकांनी सांगितलं होतं, भावाभावांत वाटणी चाललीय, वाडा कदाचित विकावा लागेल. चांगली माणसं आहेत. सांगताना त्यांचाही आवाज जड झाला. आम्हाला वर्षभराची मुदत आहे.

सासूबाईंना अजून काही बोललो नाही. पंचेचाळीस वर्षं त्या हा उंबरा सारवतायत, आणि याच उंबऱ्यातून आपण जाणार असं सगळ्यांना सांगून बसल्यात. ह्यांचं म्हणणं, आणखी थोडं थांबू. मी म्हणते, दुसऱ्याच्या तोंडून कळण्याआधी सांगू या. तुमच्याकडे असं झालं तर मोठ्यांना कोण सांगतं? मुलगा की सून?

काल त्यांनीच आठवण केली. मृगाच्या आत धाब्यावर खारी माती टाकायची आहे. गाडीवाल्याला आत्ताच सांगून ठेव, मागाहून भाव वाढवतो.