बल्लभगढच्या आजीला विचारलेला प्रश्न

‘शंभरातून सात वजा करा. जे उरेल त्यातून पुन्हा सात.’

वृद्धांची स्मृती आणि आकलनशक्ती तपासण्यासाठी १९७५ साली अमेरिकेत तयार झालेल्या एका प्रसिद्ध चाचणीत हा प्रश्न आहे. त्याच चाचणीत एक वाक्य लिहून दाखवायचे असते, कागदावरची सूचना वाचून डोळे मिटायचे असतात आणि एकमेकांना छेदणारे दोन पंचकोन काढायचे असतात. एकूण गुण तीस. आता हीच चाचणी फरीदाबाद जिल्ह्यातील बल्लभगढजवळच्या एखाद्या गावात, जन्मभर म्हशींची धार काढलेल्या पण कधीही लेखणी न धरलेल्या सत्तरीच्या आजीपुढे ठेवली तर काय होईल? तिला गुण कमी पडतील, हे उघड आहे. परंतु ते कमी गुण तिच्या मेंदूची झीज सांगतील, की तिच्या लहानपणी तिला कोणी शाळेत घातले नाही, एवढेच सांगतील?

नव्वदच्या दशकात हा प्रश्न एका संशोधक गटापुढे प्रत्यक्ष उभा राहिला. पिट्सबर्ग विद्यापीठातील मेरी गांगुली आणि भारतातील विजय चंद्रा, राजेश पांडव व त्यांचे सहकारी यांनी स्मृतिभ्रंशाचा भारत-अमेरिका तुलनात्मक अभ्यास हाती घेतला. एका बाजूला पेनसिल्व्हेनियातील मोनोंगाहेला खोरे, म्हणजे जुन्या पोलाद कारखान्यांचा प्रदेश. दुसऱ्या बाजूला बल्लभगढ, जेथे अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचा ग्रामीण आरोग्य प्रकल्प १९६५ पासून चालू आहे. अमेरिकेतील अभ्यासात सहभागी होण्यासाठी किमान सहावी इयत्तेपर्यंतचे शिक्षण ही अट होती. बल्लभगढमधील ५५ वर्षांवरील ५,१२६ सहभागींपैकी ७३.३ टक्के निरक्षर होते.

म्हणून आधी मोजपट्टीच नव्याने घडवावी लागली. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या हिंदी चाचणीत लक्षात ठेवायचे तीन शब्द आंबा, खुर्ची आणि नाणे असे झाले. सातांच्या वजाबाकीऐवजी विसातून तीन-तीन वजा करणे किंवा आठवड्याचे वार उलटे म्हणणे आले. वाक्य लिहिण्याऐवजी आपल्या घराविषयी काही सांगायचे होते. सूचना वाचण्याऐवजी तपासनिसाच्या चेहऱ्याकडे पाहून तो करील तसे करायचे, म्हणजे डोळे मिटायचे. जिभेला अवघड अशा इंग्रजी वाक्याच्या जागी ‘न यह, न वह’ आले आणि पंचकोनांच्या जागी दुसरा आकार.

हे केवळ भाषांतर नव्हते. प्रयोगशाळेत एखादे उपकरण एका तापमानाला प्रमाणित केलेले असेल आणि वापरले दुसऱ्याच तापमानाला, तर वाचन चुकते. त्यात उपकरणाचा किंवा वस्तूचा दोष नसतो. मनाच्या मोजमापात शिक्षण, भाषा आणि रोजचे जगणे हे असे ‘तापमान’ आहे.

चाचणीइतकाच दुसरा प्रश्न अवघड होता. स्मृतिभ्रंशाचे निदान करण्यासाठी केवळ विसरणे पुरेसे नसते. त्यामुळे दैनंदिन व्यवहार बिघडला आहे, हे दिसावे लागते. पाश्चात्त्य प्रश्नावल्या बँकेचा हिशेब, दूरध्वनी, स्वतः केलेली खरेदी यांविषयी विचारतात. ज्या घरात स्वयंपाक सुनेकडे आणि पैसा मुलाकडे गेला आहे, त्या घरातील आजीचे यातले काय बिघडणार? तेव्हा या गटाने वेगळी प्रश्नावली रचली आणि ती घरच्यांना विचारली. होळी-दिवाळी जवळ आल्याचे तिला आठवते का? घरातल्या लग्नासारख्या महत्त्वाच्या बाबीत ती आपले मत देते का? जेवण झाल्याचे विसरून ती पुन्हा जेवण मागते का?

आणि मग निष्कर्ष आले. ६५ वर्षांवरील लोकांत सर्व प्रकारच्या स्मृतिभ्रंशाचे प्रमाण १.३६ टक्के, त्यात अल्झायमरचे १.०७ टक्के. जगात नोंदल्या गेलेल्या सर्वांत कमी आकड्यांपैकी हे होते.

येथे एक शंका स्वाभाविक आहे. हौदातील पाण्याची पातळी नळातून येणाऱ्या धारेवर अवलंबून असते, तशीच गळतीवरही. रुग्ण लवकर दगावत असतील तर कोणत्याही एका दिवशी मोजल्यास ते थोडेच दिसतील. म्हणून या गटाने धारच मोजली. नव्याने होणाऱ्या अल्झायमरचे प्रमाण, दोन्हीकडची वयोरचना समान धरून, ६५ वर्षांवरील दर हजार व्यक्तींमागे वर्षाला बल्लभगढमध्ये ४.७ आणि मोनोंगाहेलात १७.५ निघाले. म्हणजे केवळ लवकर होणारे मृत्यू हे कारण पुरेसे नव्हते. अल्झायमरचा धोका वाढवणारे ‘एपीओई’ जनुकाचे ‘ई-४’ रूपही तपासले गेले. ते बल्लभगढमध्ये कमी आढळले, ०.११ च्या तुलनेत सुमारे ०.०७, पण ज्यांच्यात ते होते त्यांच्यातील त्याचा रोगाशी असलेला संबंध दोन्हीकडे सारखाच होता. एवढ्या फरकाने चौपट अंतर भरून निघत नाही.

आणखी एक गोष्ट विचारात पाडणारी होती. शिक्षण कमी तर स्मृतिभ्रंशाचा धोका अधिक, असे अनेक देशांत दिसते. बल्लभगढमध्ये साक्षर आणि निरक्षर यांच्यात असा फरक आढळला नाही. यामागे एक शक्यता विचार करण्याजोगी आहे. ज्या समाजात बहुतेक सारे शाळेत जातात, तेथे शाळेत न गेलेला माणूस बहुधा गरीब, आजारी किंवा वंचित असतो. जेथे चारांपैकी तिघे निरक्षर आहेत, तेथे निरक्षरता ही वंचिततेची वेगळी खूण उरत नाही. ‘शिक्षण’ हा शब्द दोन्ही तक्त्यांत एकच असला तरी त्याने मोजली जाणारी गोष्ट एक नसते. हैदराबादमधील सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांचा २०१३ चा अभ्यास येथे आठवावा. ६४८ रुग्णांच्या त्या पाहणीत एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत स्मृतिभ्रंश सरासरी साडेचार वर्षे उशिरा सुरू झालेला दिसला. निरक्षरांतही हा फरक होता. मेंदूची मशागत फक्त शाळेतच होते, असे नाही.

आता दुसरा आकडा. मुंबईची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था, हार्वर्ड आणि दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठ यांनी मिळून उभारलेल्या देशव्यापी वार्धक्य-पाहणीत ६० वर्षांवरील चार हजारांहून अधिक लोकांची सविस्तर बोधात्मक तपासणी झाली. अनेक देशांतील निष्कर्ष शेजारी ठेवता यावेत, अशा तऱ्हेने या चाचण्या जुळवल्या आहेत. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार भारतात ६० वर्षांवरील ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत अधिक.

दोन्ही आकडे शेजारी ठेवून ‘पंचवीस वर्षांत रोग पाचपट वाढला’ असे म्हणणे चुकीचे ठरेल. वयोगट, प्रदेश, चाचण्या आणि निदानाची रीत, सारेच निराळे आहे. अनोळखी चाचणी निरक्षर पण निरोगी बाईला रुग्ण ठरवू शकते. उलट, घरच्यांच्या सांगण्यावर विसंबलेली चाचणी खऱ्या रुग्णाला निरोगी ठरवू शकते. आपल्याकडे ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आहे, हिंदीत ‘सठियाना’ आहे. म्हातारपणी माणूस विसरायचाच, असे घराने एकदा मानले की विसरण्याची तक्रार कोणी करत नाही. जे कुटुंब आजीला प्रेमाने सांभाळून घेते, तेच नकळत तिचा आजारही झाकते.

याची किंमत मोठी आहे. मोजले गेले नाही त्यासाठी निधी नसतो, औषध नसते, आणि रात्री जागणाऱ्या सुनेला मदतीचा हातही नसतो. लॅन्सेट आयोगाच्या २०२४ च्या अहवालानुसार स्मृतिभ्रंशाचा सुमारे ४५ टक्के भार चौदा टाळता येण्याजोग्या कारणांशी जोडलेला आहे. त्यांत कमी शिक्षण, एकाकीपणा, बहिरेपणा आणि उपचार न झालेली अधू दृष्टी आहे. यांपैकी शेवटच्या दोहोंची तपासणी जिल्हा रुग्णालयातही होऊ शकते.

बल्लभगढ आता मेट्रोने दिल्लीला जोडले गेले आहे. जी आजी पूर्वी दारातल्या खाटेवरून गल्लीतल्या प्रत्येकाला हाक मारत असे, तिच्या वयाची बाई आज कदाचित फरीदाबादच्या एखाद्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर दिवसभर एकटी असेल. तिच्यासाठी प्रश्न पुन्हा नव्याने लिहावे लागतील. तोवर ‘इतके टक्के भारतीयांना स्मृतिभ्रंश’ अशी बातमी दिसली, तर विद्यार्थ्यांनी आकड्याआधी तीन गोष्टी शोधाव्यात: प्रश्न काय विचारला, कोणत्या भाषेत विचारला, आणि उत्तर आजीने दिले की तिच्या घरच्यांनी.