घड्याळ जहाजाचं लावा

वडील गोंदिया स्टेशनवर पार्सल ऑफिसात होते. सुट्टीच्या दिवशी त्यांचा डबा पोचवायला मी जायची आणि मग तासभर प्लॅटफॉर्मवरच रेंगाळायची. हावड्याकडून मुंबईकडे जाणारी एखादी लांबची गाडी थांबली की उतारूंची झुंबड उडायची. कुणी नळावर बाटली भरतंय, कुणी समोसे बांधून घेतंय, कुणी सुट्ट्या पैशांवरून चहावाल्याशी हुज्जत घालतंय. गाडी हलली की यातला एखादा धावत सुटायचा. बहुतेकांना डबा सापडायचा, एखाद्याला नाही. हातात समोशाचा पुडा आणि नजर दूर जाणाऱ्या शेवटच्या डब्यावर, असा माणूस मी लहानपणी पाच-सहा वेळा तरी पाहिला असेल. वडील त्याला ऑफिसात बसवायचे, पाणी द्यायचे आणि पुढच्या स्टेशनला सामानाचा निरोप धाडायचे.

आज मी टूर मॅनेजर आहे. भूमध्य समुद्रातल्या बंदरांवर विदर्भातली माणसं सकाळी उतरवते आणि संध्याकाळी मोजून परत चढवते. काम तेच, गाडी तेवढी मोठी झाली.

आमच्या गोंदियाहून मुंबईचा समुद्र गाठायला विदर्भ एक्स्प्रेसमध्ये अख्खी रात्र काढावी लागते. इथं पाणी म्हणजे तलाव आणि बोड्या. तरी दर मे महिन्यात गोंदिया, तिरोडा, भंडारा, नागपूर मिळून वीस-पंचवीस जणांचा गट जमतोच. लग्नसराई आटोपत आलेली असते, रोवणीला अवकाश असतो आणि तिकडे युरोपात हवा बरी असते. राइस मिलवाले, निवृत्त शिक्षक, ठेकेदार, डॉक्टर. निघण्याआधीच्या बैठकीत पहिला प्रश्न ठरलेला: "ताई, सात दिवसांत किती शहरं होतात?"

एकही होत नाही, हे मी आता स्पष्ट सांगते. जहाज रात्री चालतं, सकाळी सातच्या सुमारास धक्क्याला लागतं आणि संध्याकाळी पाच-सहाला सुटतं. कागदावर हे दहा तास दिसतात. पण बंदराच्या अधिकाऱ्यांनी परवानगी दिल्याशिवाय शिडी उघडत नाही आणि उघडली की दोन-तीन हजार माणसं एकाच दारातून निघतात. शिवाय जहाज सुटण्याच्या अर्धा तास आधी सगळ्यांनी आत असावं लागतं आणि त्याच्याही अर्धा तास आधी आता माझी डोकी मोजून झालेली हवीत. म्हणून मी हिशेब नेहमी उलटा मांडते: आधी परतीची वेळ लिहायची आणि तिथून मागे मागे यायचं. उरेल तो वेळ आपला.

या हिशेबानं बंदरांचे दोन प्रकार पडतात. काही उंबऱ्यावरची, काही फाट्याची. फाटा म्हणजे काय हे आपल्याकडे कुणाला समजवावं लागत नाही. एसटी फाट्यावर सोडते आणि गाव आत असतं. रोमचं बंदर म्हणून ज्याची जाहिरात होते ते चिवितावेक्किया हा रोमचा फाटा आहे. तिथून रोम ७०-८० किलोमीटर. लिव्होर्नो हा फ्लॉरेन्सचा फाटा, अंतर ९० च्या घरात. ग्रीसमधलं काताकोलो ऑलिम्पियाचा फाटा, तुर्कस्तानातलं कुशादासी इफेससचा. हे दोन त्यातल्या त्यात जवळचे. कोहमाऱ्याच्या चौकात चहा पिऊन आलेल्याला नवेगावबांध पाहिलं असं आपण म्हणू देऊ का? पण चिवितावेक्कियाला उतरलेला माणूस घरी येऊन रोम पाहिलं म्हणतो आणि लोक मान डोलावतात.

रोमचा हिशेबच करून दाखवते. आठला धक्क्यावर उतरलो. बंदर एवढं लांबरुंद की फाटकापर्यंत बसनं जायचं, तिथून पुढे स्टेशन. गाडीला तासभर किंवा थोडं जास्त. म्हणजे रोमला पोचेपर्यंत दहा. परतीची गाडी अडीचच्या पुढची नको, कारण एक गाडी चुकली तरी दुसरी हाताशी पाहिजे. उरले साडेचार तास. त्यात जेवण, त्यात प्रसाधनगृहाची रांग, त्यात एका काकूंचा गुडघा. एवढ्यात कोलोसियम, त्रेव्हीचं कारंजं आणि व्हॅटिकन दाखवतो म्हणणारा माणूस तुम्हाला बसच्या काचा दाखवतो. माझा उपाय साधा आहे. चिवितावेक्कियाहून येणाऱ्या लोकल गाड्या रोमच्या मुख्य स्टेशनाआधी सान पिएत्रोला थांबतात. तिथं उतरायचं, दहा-पंधरा मिनिटं चालायचं की सेंट पीटरचा चौक. एवढंच बघायचं, बसून बघायचं आणि परत फिरायचं. कोलोसियमसाठी पुन्हा यावं, विमानानं, चार दिवस काढून.

ही घाई आपल्याकडेही आहे. भाऊबिजेनंतर गावोगावी दंडारीच्या मंडया सुरू होतात. एका दिवसात तीन गावच्या मंडया करणारे बहाद्दर मी पाहिले आहेत. त्यांना एकाही दंडारीचा शेवट ठाऊक नसतो.

उंबऱ्यावरची बंदरं मला मनापासून आवडतात. पालेर्मो, मेसिना, माल्टाचं व्हॅलेटा. व्हॅलेटाला तर मी लोकांना पहाटेच उठवून डेकवर नेते, कारण तिथं पोचणं हाच निम्मा कार्यक्रम असतो. दोन्ही बाजूंना मधाच्या रंगाचे दगडी कोट आणि मधून आपलं जहाज पाऊल न वाजवता सरकत असतं. उतरल्यावर थोडं चाललं की कोटाच्या भिंतीला लागून लिफ्ट आहे, ५८ मीटर उंच. वर बाग आणि बागेखाली तोफांची रांग. दुपारी बाराला आणि चारला त्यातली एक उडवतात. जवळच सेंट जॉनच्या देवळात काराव्हाज्जिओचं १६०८ मधलं भलंमोठं चित्र आहे, संत जॉनच्या शिरच्छेदाचं. त्यानं सही केलेलं हे एकमेव चित्र आणि सही केली आहे ती चित्रातल्या सांडलेल्या रक्तात. ते बघायला ना बस लागते ना गाडी, नुसती दोन पावलं आणि तिकीट. रविवारी मात्र पर्यटकांना तिथं सोडत नाहीत, म्हणून जहाज कोणत्या वारी कुठं आहे हे बुकिंगच्या वेळीच बघून घ्यावं.

सँटोरिनीला क्रूझ जहाजांसाठी धक्काच नाही. ज्वालामुखीच्या बुडालेल्या तोंडात जहाज उभं राहतं आणि लहान बोटींतून किनाऱ्यावर नेतात. या बोटींना टेंडर म्हणतात. पहिल्यांदा जहाजावर घोषणा झाली की टेंडरसाठी अमुक वाजता हॉलमध्ये जमा, तेव्हा आमच्या गटातले बांधकामाचे ठेकेदार उठून उभेच राहिले. "बाप्पा, इथंही टेंडर? भरायचं कोणाकडं?" अख्खं टेबल हसत सुटलं. हे टेंडरही वेळेवर भरावं लागतं. उशीर केला की खालच्या बंदरातून वर फिरा गावात नेणाऱ्या केबल कारपाशी दीड-दोन तासांची रांग लागते. दुसरा मार्ग म्हणजे ५८० च्या वर पायऱ्या, त्याही खेचरं आणि गाढवांच्या लिदीतून. समुद्र खवळला तर टेंडर रद्द होतं आणि सँटोरिनी जहाजावरूनच बघावं लागतं. २०२५ च्या उन्हाळ्यापासून ग्रीसनं इथं उतरणाऱ्या क्रूझ प्रवाशांवर गर्दीच्या महिन्यांत माणशी २० युरोंचा कर लावला आहे. लोक कुरकुर करतात. मला तो योग्य वाटतो. टेकडीच्या कड्यावर चिकटलेल्या एवढ्याशा गावात दिवसाला काही हजार माणसं ओतली तर गावानं काय करावं?

मार्सेयला मराठी गटाचा प्रश्न एकच: "उडी कुठं मारली?" ८ जुलै १९१०. 'मोरिया' जहाज लंडनहून कैदी सावरकरांना मुंबईकडे नेत होतं. मार्सेयच्या बंदरात ते जहाजाच्या खिडकीतून बाहेर पडले, पोहत धक्क्याला लागले. फ्रेंच भूमीवर एका फ्रेंच शिपायानं त्यांना धरलं आणि परत इंग्रजांच्या हवाली केलं. खटला हेगच्या लवादापर्यंत गेला आणि फेब्रुवारी १९११ मध्ये निकाल ब्रिटनच्या बाजूनं लागला: कैदी परत देण्याचं बंधन नाही. आजची क्रूझ जहाजं शहराच्या उत्तरेला, जुन्या बंदरापासून बऱ्याच अंतरावर लागतात. तेव्हा शिडीच्या पायथ्याशी बोट दाखवून 'हाच तो धक्का' म्हणणारा गाईड भेटला तर त्याला पैसे देऊ नका. मी हा सगळा प्रसंग सकाळी डेकवर सांगते, पाण्याकडे बघत. पहिल्या महायुद्धात सप्टेंबर १९१४ मध्ये हिंदी फौजा याच शहरात उतरल्या होत्या. शहराच्या दक्षिणेला माझार्गच्या युद्ध दफनभूमीत त्यांचं स्मारक आहे. तिथं जाण्यात अर्धा दिवस जातो. एका वर्षी सगळ्या गटानं बाजारहाट सोडून तेच निवडलं आणि मला फार बरं वाटलं.

आमची माणसं परदेशात नेमकं काय बघतात हे मला बार्सेलोनात कळलं. त्यांना मी वास्तुविशारद गौदीचं सग्रादा फामिलिया दाखवलं. १८८२ साली पाया घातलेलं हे चर्च, गौदी १९२६ मध्ये वारला तरी काम चालूच. सगळ्यांनी माना वर केल्या, फोटो काढले. मग बोकेरिया बाजारात गेलो तर आमचे एक मिलवाले भाऊ गायब. शोधते तर एका दुकानासमोर उभे. कापडी पिशवीतल्या तांदळाचा दुकानदारानं उघडून ठेवलेला नमुना त्यांनी तळहातावर घेतला होता. एक दाणा चिमटीत धरून उजेडात बघितला, मग दाताखाली फोडला. "जाड आहे, बुटका आहे. पण पोटात पांढरा भाग बघा. पाणी पिईल हा, फुटणार नाही." दुकानदाराला मराठी येत नव्हती आणि भाऊंना स्पॅनिश. तो बोम्बा तांदूळ होता, पाएलासाठी वापरतात तो, आणि त्याची ख्याती अगदी हीच आहे: दाणा पाणी खूप शोषतो पण फाटत नाही. किलोचा भाव ऐकून भाऊ म्हणाले, "एवढ्यात आमच्याकडे एचएमटीचं अर्धं पोतं येते." थोडी अतिशयोक्ती होती. पण पुढचा अर्धा तास त्या दोघांचं खुणांनी जे संभाषण चाललं, ते मला गौदीच्या खांबांपेक्षा जास्त आठवतं.

आता मेसिना. हे सांगायला मला अजून जड जातं.

ती सफर अथेन्सच्या पिरेउस बंदरातून सुरू झाली होती. जहाजाचं घड्याळ ग्रीसच्या वेळेवर होतं आणि कप्तानानं ते सगळी सफर तसंच ठेवलं. इटलीचं घड्याळ ग्रीसच्या एक तास मागे असतं. मेसिनाच्या कॅथेड्रलच्या मनोऱ्यावर १९३३ साली बसवलेलं एक अजस्र यांत्रिक घड्याळ आहे, स्ट्रासबर्गच्या कारागिरांनी केलेलं. दुपारी बाराला वरचा सोनेरी सिंह झेंडा हलवून डरकाळी फोडतो, खालचा कोंबडा पंख फडफडवून आरवतो. आम्ही चोवीस जण माना वर करून उभे. बारा वाजले, सिंह गर्जला, टाळ्या पडल्या. त्या क्षणी जहाजावर एक वाजला होता. हे मला माहीत होतं. मी फक्त एवढंच म्हणाले, "साडेचारला शिडीपाशी या."

सव्वाचारला मी शिडीपाशी डोकी मोजली. बावीस. तिरोड्याचे एक निवृत्त गुरुजी आणि काकू नव्हते. फोन वाजत राहिला. जहाजाच्या स्वतःच्या सहलीवर गेलेल्यांसाठी जहाज थांबतं. आपलं आपण फिरणाऱ्यांसाठी थांबत नाही. पासपोर्ट बंदरातल्या एजंटाकडे देऊन ते निघून जातं. मी धावले. कॅथेड्रल दहा मिनिटांवर. चौकात बाकावर दोघं बदामाचा बर्फगोळा खात बसलेले, अगदी निवांत. गुरुजींच्या मनगटावर मुलानं दिलेलं नवं घड्याळ, स्थानिक वेळ आपली आपण लावून घेणारं. त्यात तीन पंचवीस.

"कायले धावून राहिली पोरी? अजून तास आहे नं."

आम्ही परतलो तेव्हा साडेचार उलटून गेले होते. शिडीवरच्या अधिकाऱ्यानं मनगटाकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं आणि बाजूला सरला. आम्ही आत गेलो आणि मागे शिडी उचलायला सुरुवात झाली. काकूंच्या हातातला कागदी पेला तसाच होता, पार वितळलेला. गुरुजी माझीच समजूत घालत होते की चूक त्यांची. ती माझी होती. वेळ सांगताना ती कुणाची हे सांगितलं नाही तर अर्धीच सांगितली.

परतल्यावर पावसाळ्यात तिरोड्याला त्यांच्या घरी गेले होते. गुरुजींच्या मनगटावर जुनं एचएमटी होतं, रोज सकाळी चावी द्यायचं. आपल्याकडच्या एचएमटी तांदळाला नाव मिळालं ते याच घड्याळावरून. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागड्यांनी निवडून काढलेला तो वाण. गुरुजी म्हणाले, "हे आपल्या मनानं काही करत नाही. लावली ती वेळ धरून राहते."

तेव्हापासून माझ्या यादीत औषधं आणि चिवड्याच्या वर एक ओळ असते. तुम्हीही पुढच्या मे महिन्यात जाणार असाल तर शेंगेन व्हिसा अनेक प्रवेशांचा घ्या, कारण जहाज तुर्कस्तानला जाऊन परत ग्रीसमध्ये येतं. एका बंदरावर एकच गोष्ट ठरवा. आणि घरात कपाटात पडलेलं चावीचं घड्याळ असेल तर ते बरोबर आणा. पहिल्या संध्याकाळी जहाजावर चढलात की स्वागतकक्षाच्या भिंतीवरचं घड्याळ बघून लावून घ्या आणि सफर संपेपर्यंत त्याला हात लावू नका.