भिलारची स्ट्रॉबेरी आणि तीन घाणे

मार्चअखेरचे हिशेब आटोपले की आम्हा कारकुनांना चार दिवस मान वर करायला मिळते. गेल्या वर्षी एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात अशीच सवड काढून आम्ही, आमच्या पत्नी आणि सातवीतली मुलगी असे तिघे एका शनिवारी भिलारला जाऊन आलो. मुलीला पुस्तकांचे गाव पाहायचे होते. आमच्या खिशात मात्र एक वेगळा कागद होता. आमचे घर धरून वस्तीतल्या चार घरांनी प्रत्येकी २०० रुपये काढले होते, त्याचा हिशेब त्या कागदावर होता. मुलांच्या डब्याला जॅमची बाटली आणावी तर ती पंधरा दिवसांत तळ दाखवते. हंगाम संपता संपता स्ट्रॉबेरी स्वस्त होते, ती आणून घरीच जॅम करू, असा बेत बायकांनी केला होता. आणायचे काम आमच्याकडे आले.

स्वारगेटहून सकाळची पहिली गाडी धरली. महिलांना निम्म्या तिकिटाची सवलत मार्च २०२३ मध्ये सुरू झाली, त्यामुळे गाडीत बायकांचीच गर्दी होती. खंबाटकी घाट ओलांडून सुरूर फाट्याला गाडी महामार्ग सोडते आणि वाईकडे वळते. वाईला कृष्णेचा घाट, विश्वकोशाचे कार्यालय आणि स्टँडवरचा चहा, एवढ्यावर आम्ही समाधान मानले. पुढे पसरणीचा घाट लागतो. पायथ्याचे पसरणी हे शाहीर साबळे यांचे जन्मगाव, हे आम्ही मुलीला सांगितले. तिने ‘हो का’ म्हटले आणि ती खिडकीतून खाली धोम धरणाचे पाणी पाहत बसली. एप्रिलमध्ये ते बरेच ओसरलेले होते. घाट चढताना अंगावरचा घाम वाळत जातो आणि पाचगणी आली की कानाला गार वारा लागतो. समुद्रसपाटीपासून हे गाव चार हजार फुटांहून अधिक उंच आहे.

पाचगणी-महाबळेश्वर रस्त्यावरून थोडे आत भिलार आहे. ४ मे २०१७ रोजी राज्य शासनाने इथे पुस्तकांचे गाव सुरू केले. ग्रंथालयाची एकच मोठी इमारत बांधण्याऐवजी गावकऱ्यांच्या घरांतच पुस्तकांची कपाटे मांडली आहेत. एका घरात कथा, दुसऱ्यात इतिहास, तिसऱ्यात चरित्रे. कोणीही जावे, चपला बाहेर काढाव्यात आणि वाचत बसावे. पैसे नाहीत. मुलगी बालसाहित्याच्या घरात जी बसली ती दोन तास उठली नाही. आम्ही दोघे तेवढ्यात शेताकडे निघालो.

स्ट्रॉबेरी हे काही इथले मूळचे फळ नव्हे. ते इंग्रजांच्या काळात या डोंगरावर आले. एकोणिसाव्या शतकात महाबळेश्वरला तुरुंग होता आणि त्यात चिनी कैदी ठेवलेले होते. बटाटा आणि विलायती भाज्या पिकवण्याचे काम त्या कैद्यांनी केले, असे जुन्या गॅझेटियरमध्ये नोंदलेले आहे. हवा खायला आलेल्या साहेबांची नावे इथल्या पॉइंटांना दिलेली आहेत. कैद्याच्या नावाचा एकही पॉइंट आमच्या पाहण्यात आला नाही. असो. पुढे फळ वाढले, १९५९ साली पाचगणीत मॅप्रोचा उद्योग सुरू झाला आणि २०१० मध्ये महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकन मिळाले.

शेत पाहिले की या फळाची नाजूक प्रकृती ध्यानात येते. इथला पाऊस भयंकर. त्या पावसात रोप टिकत नाही, म्हणून रोपवाटिका पावसाळ्यात खाली वाईकडच्या पट्ट्यात करतात. पाऊस ओसरला की सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये वर गादीवाफ्यांवर लावण होते. वाफ्यावर प्लॅस्टिकचा कागद आणि त्याखालून ठिबकची नळी. नोव्हेंबर-डिसेंबरपासून तोडा सुरू होतो तो एप्रिलपर्यंत चालतो. उन्हाच्या आत, पहाटेपासून बायका वाफ्यांमधल्या सरीत वाकून फळ खुडतात. फळाला हात लावायचा नाही, देठ चिमटीत धरून नखाने तोडायचा. मोठे आणि एकसारखे फळ डब्यांत भरून शहरांकडे जाते. लहान, वाकडे, एका बाजूला जास्त पिकलेले फळ क्रेटमध्ये पडते. आम्हाला हेच हवे होते.

मालकाने किलोला ऐंशी सांगितले. आठ किलोचे ६४० रुपये देऊन आम्ही एक क्रेट घेतले. उरलेल्या १६० पैकी घरटी ४० परत, अशी नोंद तिथेच केली. क्रेट बांधून देणाऱ्या मावशींचे हात मनगटापर्यंत लाल झाले होते. त्यांनी आमच्या पत्नींना विचारले, “ज्याम करताय जणू?” यांनी मान हलवली. “मग ताई, एका टायमाला किलोभरच घाला. जास्ती घातलं की त्येचा काढा हुतो. आन् घरी जाईस्तवर धुवू नका.” पत्नींनी ते नीट ऐकून घेतले. आम्ही त्या वेळी परतीच्या गाडीची वेळ पाहत होतो.

परतीच्या प्रवासात क्रेट मांडीवर घेऊन बसलो होतो. पण उन्हे चढलेली, गाडी भरलेली आणि रस्त्यावर खड्डे. खंबाटकीचा बोगदा संपेपर्यंत तळातून लाल रस ठिबकू लागला आणि आमची पांढरी विजार रंगली. घरी पोचलो तेव्हा संध्याकाळचे सात वाजले होते. खालचा थर दबला होता. सकाळपर्यंत हे आंबणार, हे दिसतच होते.

इथे आमची चूक झाली, ती सांगितलीच पाहिजे. पत्नी म्हणाल्या, “किलो किलोने घेऊ.” आम्ही म्हणालो, आठ घाणे करायचे तर रात्र सरेल, गॅसही जास्त जाईल. सगळे एकदम घातले तर एकदाच गॅस जळेल. हिशेब कागदावर अगदी बरोबर दिसत होता. बी.कॉम. झालेल्या माणसाला कागदावरचा हिशेब चटकन पटतो. मंडळाच्या कार्यक्रमांसाठी लागणारे मोठे ॲल्युमिनियमचे पातेले आमच्याकडेच असते. त्यात पाच किलो फळ आणि चार किलो साखर घालून ते शेगडीवर चढवले. वरच्या थरातले न दबलेले तीन किलो फळ मात्र पत्नींनी बाजूला काढून ठेवले. का, ते आम्ही विचारले नाही.

जॅम होतो म्हणजे काय, हे आम्हाला त्या रात्री कळले. स्ट्रॉबेरीत दहांतले नऊ भाग पाणी असते. ते पाणी पुरेसे उडाले, साखर दाट झाली आणि फळातल्या पेक्टिन नावाच्या चिकट द्रव्याने पकड घेतली की जॅम जमतो. स्ट्रॉबेरीत मुळात पेक्टिन कमी, पेरूसारखे नाही. आमच्या पातेल्यातून दोन लिटरच्या वर पाणी उडायला हवे होते आणि ते वाफ होऊन जाते फक्त वरच्या पृष्ठभागावरून. खोल पातेले, घरगुती शेगडीची एक चूल. एक तास झाला, दोन झाले. फेस दोनदा उतू गेला. लाल रंग आधी विटकरी आणि मग तपकिरी झाला. फार वेळ उकळले की आंबट रसात पेक्टिनही मोडते, म्हणजे जमायचे ते जमत नाही. आणि जमत नाही म्हणून आम्ही आणखी उकळत राहिलो. साडेबाराला तळ लागला. शिवाय आंबट फळ ॲल्युमिनियममध्ये शिजवू नये, हेही आम्हाला नंतर कळले. थंड झाल्यावर जे उरले ते चमच्याने निघेना. वस्तीतल्या पोरांनी त्याचे तुकडे पाडून चघळले, पण वाटायला जॅम नव्हता. चार घरांच्या पैशांतले ४०० रुपये, चार किलो साखर आणि मंडळाचे पातेले घासायला लागलेला रविवारचा अर्धा दिवस, एवढे नुकसान झाले.

आमचे पातेले धुमसत होते तेव्हा पत्नी मोरीच्या कट्ट्यावर दुसरेच काम करीत होत्या. तीन किलो फळ त्यांनी देठासकट धुतले. देठ आधी काढला तर फळात पाणी शिरते. धुऊन, पुसून, मग देठ काढून अर्धे अर्धे कापले. किलो फळाला पाऊण किलो साखर, असे तीन स्टीलच्या डब्यांत थर लावले आणि झाकून ठेवले. साखर रात्रभरात फळातला रस ओढून घेते आणि फोड घट्ट राहते. सकाळी डबे उघडले तर फोडी लाल रसात पोहत होत्या.

रविवारी सकाळी पहिला घाणा चढला. रुंद तोंडाचे स्टीलचे पातेले, अर्ध्यापेक्षा कमी भरलेले. एका लिंबाचा रस आत घातला आणि लिंबाच्या बिया मलमलच्या फडक्यात बांधून ती पुरचुंडी आत सोडली. बियांत पेक्टिन असते, ते फळातली उणीव भरून काढते. मंद आचेवर साखर पूर्ण विरघळू दिली आणि मग गॅस मोठा केला. फेस वर आला तो बाजूला काढला. मुलीने तो पोळीला लावून खाल्ला.

आता आमच्या बी.कॉम.चा थोडा उपयोग झाला. पाककृतींत १०५ अंशांचा आकडा देतात. तो समुद्रसपाटीचा आहे. पाचगणीसारख्या उंचीवर पाणीच शंभराच्या चार-साडेचार अंश आधी उकळते, तिथे जॅमही त्याच मानाने आधी होतो. आमच्याकडे तापमापक नव्हता, पण वजनकाटा होता. खाद्य सुरक्षेच्या नियमांप्रमाणे जॅममध्ये साखर आणि फळ मिळून विरघळलेला भाग किमान ६५ टक्के असावा लागतो. किलोभर फळातले घन सुमारे ९० ग्रॅम आणि साखर ७५० ग्रॅम, एकूण ८४० ग्रॅम. ते ६५ टक्के व्हायचे तर एकूण वजन १३०० ग्रॅमच्या आसपास हवे. म्हणजे पावणेदोन किलोचे १३०० ग्रॅमवर आणायचे. रिकामे पातेले आधीच तोलून ठेवले होते. दर थोड्या वेळाने गॅस बंद करून, काट्यावर लाकडी पाट ठेवून पातेले तोलायचे आणि पाटाचे व पातेल्याचे वजन वजा करायचे. पत्नींनी या तोलाकडे पाहून हसू आवरले आणि गार केलेल्या बशीत एक थेंब टाकला. बोट फिरवल्यावर त्यावर सुरकुती पडली. “झाला,” त्या म्हणाल्या. काटा १३१० दाखवीत होता.

मोठ्या आचेवर वीस-बावीस मिनिटे लागली. रंग शेतातल्या फळासारखाच लाल राहिला होता. दुसरा घाणा, तिसरा घाणा. तिन्ही मिळून, पातेले पुसून धुवून, दुपारच्या जेवणाआधी आटोपले. रात्रीच्या एका घाण्याहून गॅस कमीच जळला असेल.

बाटल्या दहा मिनिटे पाण्यात उकळून, उन्हात कोरड्या करून ठेवल्या होत्या. जॅम पाचेक मिनिटे थांबवून गरम गरमच भरला. घाईने भरला तर फोडी वर तरंगतात. बाटल्या लहानच घेतल्या, कारण दोन घरांत फ्रीज नाही. उघडलेली बाटली एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात बाहेर टिकत नाही आणि बुरशीचा एक ठिपका दिसला तरी वरचा थर काढून खायचे नाही, सगळा जॅम टाकून द्यायचा. ओला चमचा घालू नका, हेही प्रत्येक घरी जाऊन सांगितले.

विकतच्या जॅमविषयी एक गोष्ट त्या निमित्ताने वाचनात आली. जॅममध्ये फळाचे प्रमाण किमान ४५ टक्के असावे असा नियम आहे, पण स्ट्रॉबेरीला सूट आहे. तिथे २५ टक्के चालते. आमच्या बाटलीत १३०० ग्रॅमला किलोभर फळ आहे. शेजारच्या एका ताईंनी लगेच विचारले, “मग आपण विकू या का?” विकायचे तर एफएसएसएआयची नोंदणी हवी, लेबल हवे आणि दर वेळी सारखाच माल हवा. एवढे सांगून आम्ही गप्प राहिलो. आदल्या रात्रीच्या पातेल्याचा वास अजून घरात होता.

संध्याकाळी वाटप केले. जॅम सगळा मिळून पावणेचार किलोच्या थोडा वर भरला, म्हणजे प्रत्येक घराला साडेनऊशे ग्रॅमच्या आसपास. जळालेल्या पाच किलोंचे घरटी १०० रुपये आणि आधीचे ४०, असे प्रत्येक घराचे १४० रुपये आम्ही परत केले. दोन घरांनी घेतले. तिसऱ्या घरच्या आजींनी शंभराची नोट आमच्या पत्नींच्या हातात परत ठेवली आणि म्हणाल्या, “पुढल्या साली तू जा. यांना पुस्तकं वाचू दे.”

शेवटची बाटली आम्ही जूनमध्ये शाळा सुरू झाली त्या दिवशी उघडली. मुलीने तिच्यावर ‘भिलार, तिसरा घाणा’ असे लिहून ठेवले होते. खाली तारीख होती आणि पातेल्याचे वजनही.