भटका शब्द

निबंधाच्या समासात लाल शाईने लिहिलेला ‘व्हेग’ हा शेरा आपल्यापैकी कोणाच्या वाट्याला आला नसेल? त्याचा अर्थ आपण ‘अस्पष्ट’, ‘मोघम’ असा करून घेतो आणि मुकाट्याने वही मिटतो. परंतु शब्दांनाही कुळ असते. ते कधीतरी विचारून पाहावे.

‘व्हेग’ इंग्रजीत आला तो सोळाव्या शतकात, फ्रेंचच्या वाटेने. मूळ लॅटिन ‘व्हेगस’, म्हणजे भटका. ‘व्हॅगाबॉण्ड’ हा त्याचा भाऊबंद. मर्यादेबाहेर भटकतो तो ‘एक्स्ट्रॅव्हॅगंट’. मेंदूतून निघून मान, छाती करीत पोटापर्यंत हिंडणाऱ्या दहाव्या मज्जातंतूचे नावही ‘व्हेगस’च. आपला ‘संदिग्ध’ मात्र निराळ्या घरचा. त्याच्या मुळाशी ‘दिह्’, म्हणजे लिंपणे, हा धातू आहे. संस्कृतातली अस्पष्टता हा वस्तूवर बसलेला लेप. तो पुसता येतो. ‘व्हेग’मध्ये मात्र ज्याचा ठावठिकाणा नाही, तेच अस्पष्ट.

ही नजर शब्दकोशापुरती राहिली नाही. इंग्लंडमधला १५७२ चा कायदा व्हॅगाबॉण्ड ठरलेल्याला फटके मारून त्याचा कान डागण्याची शिक्षा सांगत होता. इंग्रजांनीच १८७१ मध्ये आपल्याकडे गुन्हेगार जमातींचा कायदा आणला आणि कित्येक भटक्या जमातींची मुले जन्मतःच गुन्हेगार ठरली. तो रद्द व्हायला १९५२ साल उजाडावे लागले.

हे वाचताना मला आजोबा आठवले. आमचे घर धनगराचे. दिवाळीनंतर ते मेंढरे घेऊन घाट उतरत, ते पावसाळ्याच्या तोंडावर परतत. कोणत्या गावी कोणाच्या वावरात किती रात्री मेंढरे बसवायची, त्याबद्दल धान्य किती घ्यायचे, पाणी कुठे लागेल, सारे त्यांना तोंडपाठ. अक्षर एक येत नव्हते, पण त्यांच्या फिरण्यात अंधूक असे काही नव्हते. अंधूक होता तो फक्त सरकारी कागदावरचा ‘कायमचा पत्ता’ हा रकाना.

म्हणून समासातल्या शेऱ्याबद्दल माझी तक्रार नाही. ज्या वाक्याला आपण कुठे निघालो हेच ठाऊक नाही, त्याला अडवायलाच हवे. एवढेच म्हणणे, की भटकणे वेगळे आणि भरकटणे वेगळे. मराठीने त्यासाठी दोन शब्द ठेवले आहेत, ते आपण एकाच शेऱ्यात कोंबू नयेत.