नातवाची आते

मला मुलगी नाही. एकुलता एक मुलगा, तो हाँगकाँगला नोकरीला. २०२४ च्या सप्टेंबरअखेर मी पहिल्यांदाच त्याच्याकडे गेले. विमानतळावरून घरी जाताना सात वर्षांचा नातू कानाशी लागून म्हणाला, "आजी, घरी माझी आते तुझी वाट बघतेय हं!" मी चपापलेच. मला लेक नाही, मग ह्याला आते कोठून आली? पुढे बसलेले चिरंजीव काही बोलेनात, नुसते गालात हसत राहिले. साठीनंतर अशा कोड्यांनी छातीत धडधडते, हे मुलांना कधी कळायचे कोण जाणे.

दार उघडले ते चाळिशीच्या एका ठेंगण्या, सावळ्या, हसतमुख बाईने. तिने माझ्या हातातली पिशवी घेतली, खाली ठेवली, मग माझा हातच हातात घेतला आणि वाकून त्याची मागची बाजू आपल्या कपाळाला टेकवली. आपल्याकडे पायांना हात लावतात, तिच्याकडे वडीलमाणसांचा हात कपाळाला लावतात. ही आते. फिलिपिन्समधल्या टागालोग भाषेत 'आते' म्हणजे थोरली बहीण. घरातली तिन्ही माणसे तिला आते म्हणत, आणि ती मला पहिल्याच दिवसापासून 'लोला' म्हणू लागली. लोला म्हणजे आजी. बोलताना वाक्याच्या शेपटाला ती एक 'पो' लावी. ते आपल्या अहो-जाहोसारखे. इंग्रजी बोलतानासुद्धा तो 'पो' काही सुटत नसे.

आम्हां दोघींचे इंग्रजी सारखेच मोडके, त्यामुळे जमले छान. मी डोंबिवलीला तीस वर्षे मराठी शाळेत शिकवले. हे ऐकताच तिचा चेहरा उजळला. "मीसुद्धा गुरो होते, लोला!" गुरो म्हणजे शिक्षक. मग मला चाळाच लागला. चेहऱ्याला ती 'मुखा' म्हणे, आशेला 'आसा'. कोणत्या काळी कोणाच्या गलबतातून आपले हे शब्द तिकडे गेले असतील! एकदा म्हणाली, "आम्ही घरचे दुखा." मला वाटले, दुःखात आहे. पण तिच्या भाषेत दुखा म्हणजे गरीब. मी त्यावर काही बोलले नाही. शब्दाचा अर्थ बदलला म्हणावे, की बदललाच नाही म्हणावे?

ती केसोन प्रांतातली. नारळांचा मुलूख. एका लहानशा खाजगी शाळेत ती पहिली-दुसरीला शिकवी. पगार इतका तुटपुंजा, की दोन मुले आणि आई ह्यांचे भागेना. नवरा होता, म्हणजे आहे. त्याविषयी ती बोलत नसे, मीही विचारले नाही. परदेशी कामाला जाणे ही तिकडे आता रीतच झाली आहे. १९७४ साली अध्यक्ष मार्कोस ह्यांच्या राजवटीत कामगार कायदा झाला आणि माणसे बाहेर धाडण्याचे काम सरकारनेच अंगावर घेतले. पुढे १९८८ साली कोराझोन आक्विनो ह्याच हाँगकाँगला आल्या असताना घरकाम करणाऱ्या बायकांना 'नवे वीर' म्हणाल्या. २०२४ साली बाहेरच्या माणसांनी मायदेशी धाडलेला पैसा ३४ अब्ज डॉलरांच्या वर गेला. एवढे वीर असल्यावर देशाला काय कमी!

आमच्या ह्या वीराची खोली मी तिसऱ्या दिवशी पाहिली. हाँगकाँगला जागेची टंचाई मुंबईच्याही वरताण. स्वयंपाकघरामागे अडगळीची कोठी, तीत कपडे धुण्याचे यंत्र, आणि यंत्राच्या वर फळीवजा पलंग. उठून बसले तर डोके छताला लागावे. उशाशी मुलांचे फोटो, पायथ्याशी पुठ्ठ्याची एक भलीमोठी पेटी. बाईने मालकाच्याच घरी राहिले पाहिजे, असा तिथे २००३ पासून नियम आहे. म्हणजे काम संपले तरी घरी जायची सोय नाही, आणि दिवसाचे तास किती ह्याला कायद्यात मर्यादा नाही. डोंबिवलीची आमची बाई एकला आपल्या घरी जाते. ताप आला तर लेकीला पाठवते, नाहीतर खुशाल दांडी मारते. मी त्यावरून किती बोलले आहे तिला!

एके दुपारी आते इस्त्री करून उठली. मी सहज म्हटले, "तेवढे दोन कप विसळून टाकतेस?" तिने दोन्ही हात पाठीमागे लपवले, लहान मूल लपवते तसे. "आत्ता नको पो. पास्मा होईल." इस्त्रीने तापलेल्या हातांना गार पाणी लागले की पास्मा होतो, मग हात थरथरतात, तळव्यांना घाम सुटतो, शिरा फुगतात, असे तिकडे समजतात. डॉक्टरी शास्त्र हे मानत नाही. सूनबाई तर हसायचीच. मला हसू येईना. उन्हातून आल्या आल्या माठाला हात लावला म्हणून आईने माझ्या पाठीत घातलेले धपाटे आठवले. कप मीच विसळले. पण त्या निमित्ताने तिच्या हातांकडे पहिल्यांदा नीट पाहिले. साबणाने बोटांची कातडी सोलवटली होती, आणि हात खरोखरीच थरथरत होते.

रात्री तिच्या कोठीतून अमृतांजनासारखा वास येई. मानेला तेल चोळते, म्हणाली. जेवायची सगळ्यांच्या मागून, दहा-साडेदहाला. भातावर खारवलेला सुका मासा किंवा सोया सॉस. शेवग्याचा पाला आणि आले घातलेले कोंबडीचे पातळ सूप तिला जीव की प्राण. पण ते करायला रात्री साडेदहाला कोणाला हुरूप असतो? माझे गुडघे मात्र ती रोज रात्री, जेवायच्या आधी, अर्धा तास चोळून देई. काय सुरेख हात! मीही पाय लांब करून बसत असे. खोटे कशाला सांगू.

मी घरून रक्तदाब मोजायचे यंत्र नेले होते. नातवाला खेळणेच मिळाले. त्याने माझा मोजला, बापाचा मोजला, कापसाच्या अस्वलाचा मोजला. मग आतेच्या मागे लागला. ती आज नको, उद्या, म्हणत टाळू लागली. एका संध्याकाळी त्याने बसल्याजागी तिच्या दंडाला पट्टा गुंडाळलाच. आकडे आले १७२ आणि १०८.

"यंत्र बिघडलंय पो," ती म्हणाली.

मी पट्टा माझ्या दंडाला लावला. १३४ आणि ८२. यंत्र ठीक होते.

नातू खेळायला गेल्यावर तिने सांगितले. मागच्या सुटीत गावच्या डॉक्टरने गोळी दिली होती, रोज एक, जन्मभर. अशा गोळ्यांना तिकडे 'मेंटेनन्स' म्हणतात. आमच्या सोसायटीचा मेंटेनन्स थकला की चिटणीस जिन्यात नाव लावतात. हिचा थकलेला कोणाला दिसणार? एक दिवसाआड ती गोळी घेई, महिनाअखेरीला तीही नाही. आईला मधुमेह. आधी आईच्या औषधांचे पैसे धाडायचे, मग उरल्यास आपले.

"पण औषधपाण्याचा खर्च मालकाने करायचा असतो ना? करारात आहे, माझा मुलगाच सांगत होता."

"कायदा मला पाठ आहे, लोला. गुरो होते ना मी." ती हसली. "पण डिसेंबरात माझा करार संपतो. आजारी बाईबरोबर नवा करार कोण करतं?" करार संपला की चौदा दिवसांत हाँगकाँग सोडावे लागते. २०१९ सालची एका बाईची हकीकत तिला तोंडपाठ होती. कर्करोग निघाला आणि मालकांनी कामावरून काढले. काम गेले, त्याबरोबर सरकारी इस्पितळातल्या उपचारांचा हक्कही गेला. "मॅडमना सांगू नका पो," म्हणून तिने माझा हात धरला. मी शब्द दिला.

त्या रात्री मी गुडघे चोळून घेतले नाहीत. तर ती दारात येऊन उभी. "लोला, माझं काही चुकलं का?" काय सांगावे? पुन्हा पाय पुढे केले.

रविवारी तिची सुटी. मी हट्टाने तिच्याबरोबर सेंट्रल भागात गेले. इतर दिवशी तिथे साहेब लोकांची धावपळ असते. रविवारी चेटर रोडवर मोटारींना बंदी असते, आणि रस्ता, स्टॅच्यू स्क्वेअर, बँकेच्या टोलेजंग इमारतीखालची मोकळी जागा, सारे फिलिपिनो बायकांनी फुलून जाते. खाली पुठ्ठे अंथरायचे, चहूबाजूंनी पुठ्ठ्याचीच वीतभर भिंत उभी करायची, चपला बाहेर काढून आत बसायचे. घरच झाले! कोणी पत्ते खेळते आहे, कोणी मैत्रिणीची नखे रंगवते आहे, कोणी फोनवर मुलाचा अभ्यास घेते आहे, आणि ऑक्टोबर महिन्यातच नाताळची गाणी चालली आहेत. जागोजाग पेट्या भरणे चालू. साबण, टूथपेस्ट, डब्यातले मांस, मुलांचे बूट, सगळे ठासून ती पेटी नाताळापूर्वी बोटीने गावी जाते. आतेच्या पायथ्याशी होती ती हीच. तिच्या पुठ्ठ्याच्या घरात त्या दिवशी आम्ही आठजणी होतो. मला मध्ये बसवून सगळ्यांनी केवढे खाऊ घातले! आणि आते हसत होती. घरी हसते तशी नव्हे, मोठ्याने, मान मागे टाकून. घरी पूर्ण वेळ हसतमुख असणारी ही बाई घरी हसतच नव्हती, हे मला तिथे कळले.

आठ दिवस मी शब्द पाळला. नवव्या दिवशी मोडला. शाळेच्या बसवरून नातवाला घेऊन येताना ती जिन्याच्या कठड्याला धरून क्षणभर उभी राहिली. मी वरून पाहत होते. तिचा दुसरा हात नातवाच्या हातात होता. रस्ता ओलांडताना हिला घेरी आली असती तर? हा माझ्या मनातला पहिला विचार. तिचे काय होईल, हा दुसरा. मी रात्री सूनबाईला सारे सांगितले ते आतेसाठी, असे मला लिहिता आले असते तर बरे झाले असते.

सूनबाई आधी चिडली. "पाच वर्षं आहे ही माझ्याकडे, मला का नाही सांगितलं?" मग गप्प झाली. त्या रात्री आणि दुसऱ्या रात्री त्यांच्या खोलीचे दार लागलेले. हाँगकाँगच्या भिंती पातळ. 'एजन्सी', 'नवीन बाई', 'हिला काही झालं तर' असे तुकडे मला बाहेरच्या कोचावर ऐकू येत होते. मराठी होते, पण 'एजन्सी' हा शब्द कोणत्या भाषेत कळत नाही? कोठीतला दिवाही उशिरापर्यंत जळत होता. माझी माणसे वाईट नाहीत. दोघे सकाळी साडेसातला बाहेर पडतात ती रात्री आठला येतात. घर त्या बाईच्या दोन हातांवर उभे आहे. ते हात आजारी पडू शकतात ही गोष्ट त्यांनाही नवीन होती.

तिसऱ्या दिवशी सूनबाईने अर्ध्या दिवसाची रजा काढली आणि स्वतः तिला सरकारी दवाखान्यात नेले. गोळ्या सुरू झाल्या, खर्च घराने केला. थरथर पास्म्याची नव्हे, थायरॉइडची निघाली. त्याची वेगळी गोळी. आठवड्याने नव्या करारावर सह्या झाल्या, महिना ४,९९० डॉलर. त्या वर्षी २८ सप्टेंबरपासून सरकारने ठरवलेले किमान वेतन तेवढेच होते. आमच्या पैशांत पन्नास हजारांच्या वर. ऐकायला पुष्कळ वाटते.

मला मात्र आते चार दिवस 'मॅम' म्हणत होती. 'लोला' नाही, 'पो'सुद्धा नाही. गुडघे मात्र रोज चोळत होती.

पुढे दिवाळी आली. नातवाबरोबर आकाशकंदील करायला बसले. बांबूच्या कामट्या मिळेनात. आतेने कोठून तरी पैदा केल्या, आणि माझ्या हातातला सुरी-दोरा काढून घेऊन पाहता पाहता पाच टोकांची चांदणी बांधली. त्यांच्याकडे नाताळात असाच कामट्या-कागदाचा कंदील दारोदार लावतात. पारोल म्हणतात. "लोला, तो लाल कागद द्या पो," ती म्हणाली. मी कागद दिला. खळ करायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसून आले.

निघताना रक्तदाबाचे यंत्र मी तिच्यापाशी ठेवले. रोज सकाळी मोजायचे, वहीत लिहायचे, मी फोनवर विचारणार, असे शिक्षिकेने शिक्षिकेला बजावले. तिने माझा हात कपाळाला लावला. पहिले दोन रविवार आकडे सांगितले, १४६, १४०. तिसऱ्या रविवारी टाळाटाळ. चौथ्या रविवारी नातवाने फोन हिसकावून घेतला आणि सांगून टाकले, "आजी, आतेने मशीन पेटीत घालून तिच्या आईला पाठवलं!"

मी भयंकर चिडले. सूनबाईला म्हटले, "ताबडतोब दुसरे आण."

"आणते," ती म्हणाली, "पण आई, पुढच्या नाताळाला तेही पेटीत जाणार."

"जाऊ दे," मी म्हटले. "तू दोन आण."