देवाचा जमाखर्च

लहानपणी वडिलांच्या मागून पेडण्याच्या मामलेदार कचेरीत जाताना मनात एकच प्रश्न येई: देवाच्या तेलवातीचा हिशेब सरकारला कशाला?

पोर्तुगीज राजवटीने १९३३ साली देवस्थानांचा कायदा केला आणि देवालयांच्या कारभारावर तालुक्याच्या अधिकाऱ्याची देखरेख आली. १९६१ साली ती राजवट गेली. कायदा मात्र राहिला. पेडणे काय, डिचोली काय, महाजनांच्या समितीची निवडणूक आणि वार्षिक अंदाजपत्रक आजही मामलेदाराच्या नजरेखालून जाते. मला ती परक्यांनी मागे ठेवलेली बेडी वाटे.

पुढे देवाच्या एका भाटाच्या उत्पन्नावरून गावातील दोन घराण्यांत तेढ पडली. बोलणे खुंटले, जत्रा होते की नाही, अशी वेळ आली. तेव्हा वडिलांनी कचेरीतून जुन्या हिशेबाची नक्कल आणली. तीत नारळांची संख्या होती, आणि खाली दोन्ही घराण्यांच्या आजोबांच्या सह्या. ते पान पाहून दोघेही गप्प झाले. जत्रा झाली.

कायदा बदलावा की नाही, याचा विचार महाजनांनी अवश्य करावा. परंतु देवाला साक्षीची गरज नसली, तरी आपल्याला असते. आता हिशेब सादर करण्याची पाळी माझ्यावर येते. नारळ मीही मोजूनच लिहितो.